अक्कांचा आकडा

राजाजीनगरला आम्हा मराठी मंडळींचा कार्यक्रम होता आणि आई पहिल्यांदाच भाषण करणार होती. तिचा आवाज इतका मऊ, की स्वयंपाकघरातली हाक बाहेरच्या खोलीत पोचत नाही. माइकचं काम बघायला येलहंक्याहून एक बाई आल्या होत्या. चाळिशीच्या, केसांत अबोली, बोलण्यात निम्मं कन्नड.

वायरलेस माइकची डबी पँटच्या पट्ट्याला अडकवतात. साडीला पट्टा कुठला? बाईंनी जुन्या साडीचा शिवलेला बटवा काढला आणि नाडीनं आईच्या कमरेला बांधला.

"हॅलो हॅलो नको, अक्का. घरी बोलता तसं बोला."

आई बोलत राहिली. बाई डबीवरचा आवाजाचा आकडा वाढवायच्या, शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन ऐकायच्या, परत येऊन पुन्हा बदलायच्या.

"मघाशी मंडळाच्या अध्यक्षांच्या माइकला केलंत तेच सेटिंग ठेवा ना," मी घड्याळ बघत म्हणालो.

"तो आकडा त्यांच्या आवाजाचा, सर. अक्कांचा शोधायला लागतो." मग आणखी एकदा ऐकून, मान हलवून, "सरी, जमलं," म्हणत त्यांनी डबी बटव्यात ठेवली.

भाषणात आईनं एकदाही आवाज चढवला नाही, तरी शेवटच्या रांगेतले आजोबा बरोबर जागी हसले. बाई त्यांच्यामागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, स्वतःच बोलत असल्यासारख्या ताठ.

भाषण संपताच अध्यक्षांनी आभार मानायला आईचा माइक मागत हात पुढे केला.

"स्वल्प थांबा, सर," मागून बाईंचा आवाज आला. "तो अक्कांचा आहे. तुमचा टेबलावर."