गुणवंतदादाचा चावीचा फोनो

आमच्या गुणवंतदादाला घरात कुणी हातोडी धरू देत नसे. भिंतीत खिळा ठोकायला गेला की खिळा वाकडा आणि भिंतीला भगदाड. आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये बल्बसुद्धा उत्तरावहिनीच बदलते. असा हा माणूस एका रविवारी जुन्या दिल्लीतून चावीचा फोनो घेऊन मेट्रोने घरी आला, तेव्हा मी, त्याची सख्खी बहीण, पोट धरून हसले.

फोनो म्हणजे चावी भरून वाजवायचा जुना ग्रामोफोन, सुटकेसएवढी काळी पेटी. दुकानात पितळी कर्ण्याचे चकचकीत फोनोही होते, पण ते जुन्याच्या नावाखाली नव्याने जोडलेले. दादाने ते बरोबर ओळखलं आणि कोपऱ्यातली ही मुकी पेटी उचलली. तिची आतली स्प्रिंग तुटली होती, चावी नुसतीच गरगर फिरायची. दुकानदार दुरुस्त करून द्यायला तयार होता, तरी हा नको म्हणाला. वहिनीने कारण विचारलं, तेव्हा त्याने जे सांगितलं ते ऐकून माझं हसू तिथेच थांबलं.

"इतकी वर्षं ऑफिसात मी फायलीवर नोट लिहितो, वरचा साहेब ती खोडतो आणि त्याच्या वरचा सही करतो. शेवटी त्यात माझं काय उरलं, ते मलाच सापडत नाही. ही एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मी करणार."

झालं, डायनिंग टेबल गेलं. आई आणि वहिनी मांडीवर ताट घेऊन जेवू लागल्या. स्प्रिंग बाहेर काढताना ती फाडकन उलगडली आणि दादाचं मनगट सोलून निघालं. तिचं तुटलेलं टोक गॅसवर लाल करून त्याने ते अडकवायला नवं भोक पाडलं, तर टोकच मोडलं. पुन्हा तापवलं, पुन्हा पाडलं. सुईची थरथर ज्या डबीत आवाज होऊन उमटते, तिच्यातलं दगड झालेलं रबर काढून त्याने सायकलच्या व्हॉल्व्हची नळी बसवली. गणपती आले नि गेले, नवरात्र बसलं. मी नोएडाच्या माझ्या घरून फोन करून त्याला चिडवत होते, पण खरं सांगायचं तर मलाही आता चैन पडत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोनो वाजला. दादाने कॉलनीतल्या सगळ्या मराठी घरांना सांगून टाकलं, उद्या सोनं द्यायला याल तेव्हा गाणं ऐकूनच जायचं.

दसऱ्याला सकाळी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे वहिनीचं शिलाई मशीन, विळी, दादाचं पेन आणि स्कूटर. या वर्षी आईच्या नजरेस फोनो पडला. तेल घालायला दादाने त्याची फिरती थाळी काढून ठेवली होती आणि तो आंघोळीला गेला होता. लेकाने केलेल्या यंत्राला कमी कशाला पडू द्यायचं, म्हणून आईने सढळ हाताने हळद-कुंकू वाहिलं आणि वर मूठभर अक्षता. त्यातलं निम्मं फटीतून आत गेलं. वर उरलेलं हळद-कुंकू पुसून दादाने थाळी बसवली, आत काय गेलं ते त्याला कळलं नाही.

संध्याकाळी घर भरलं. दिल्लीत आपटा कुठला, आम्ही तशाच दिसणाऱ्या कचनारची पानं वाटतो. ती वाटून झाल्यावर दादाने चावी भरली, तबकडीवर सुई टेकवली. नाट्यपद गाणाऱ्या बाईंनी दोन शब्द म्हटले आणि मग त्यांचा आवाज म्हशीसारखा ओढत ओढत बंद पडला.

लोक हसले. वरच्या मजल्यावरचे राजाभाऊ म्हणाले, "छोड यार, गुणवंत. माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे, बिल्कुल नवा करून देईल." आईला काय झालं ते कळलं. तिने अक्षतांचं सांगितलं आणि तिचा चेहरा एवढासा झाला. दादाच्या तोंडाचा रंग उडाला. मी त्याच्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

"कुणाला बोलवायचं नाही," दादा शांतपणे म्हणाला. "चहा घ्या सगळे, तोवर होतं."

जमिनीवर बसून त्याने स्क्रू काढले, यंत्र वर उचललं. वहिनीच्या चिमट्याने चाकांच्या दातांतले तांदूळ एकेक करून टिपले, कुंकवाचा चिखल ब्रशने धुतला, नवं तेल दिलं. एवढी माणसं बघत होती, पण त्याने एकही स्क्रू घरंगळू दिला नाही. कुणाला काही विचारलंही नाही. राजाभाऊ चहा विसरून त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

मग बाई गायल्या. पूर्ण पद गायल्या, शेवटच्या तानेपर्यंत. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही. माझा भाऊ आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

आई उठली आणि पूजेचं तबक घेऊन आली. दादा घाईघाईने फोनोचं झाकण लावायला लागला. पण ती फोनोकडे वळलीच नाही. तिने दादाचे तेलकट हात ओढून घेतले, दोन्ही तळव्यांवर हळद-कुंकू वाहिलं आणि नमस्कार करायला वाकली.

दादाने घाबरून हात मागे घेतले. "आई, काय करतेस?"

"हत्यारांची पूजा," आई म्हणाली. "हलू नकोस."