गप्प राहण्याचा पर्याय

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. शिवाय मी नवऱ्याला सोडून आलेली, धुळ्यात खोली करून राहते, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. त्यामुळे घरात माझ्या शब्दाला किंमत किती, हे कुणी सांगायची गरज नाही. पण धाकटी बहीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली आणि त्या भट्टीसारख्या उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घालून बसली, ते मला लगेच खटकलं.

"तुझ्या सासरी जामनेरला हीच फॅशन आहे का गं?" मी विचारलं.

"हो," म्हणाली आणि बाही आणखी खाली ओढली.

आमचं गाव सोनगीरपासून जवळच; मीही सणाला सुट्टी काढून आले होते. आखाजीला माहेरवाशिणी आल्या की लिंबाला झोके बांधतात, घरोघरी खापरावर मांडे भाजतात, आमरस होतो. बाकीच्या पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि ही आतल्या खोलीत कूलरसमोर माझा लॅपटॉप घेऊन बसलेली. फोन शेजारी. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला की पहिल्या रिंगला उचलायची, आणि त्याने काही म्हणायच्या आत फोन खोलीभर फिरवून दाखवायची. भिंत, दार, कॉट, मी. मी दिसले की तो म्हणायचा, "नमस्कार अक्का, जेवण झालं का?" इतका गोड, की माझ्या अंगावर काटा यायचा.

लॅपटॉपवर ती एक गेम खेळायची. गोष्टीचा गेम. धरणाचं पाणी गावात चढत असतं आणि एका मुलीला आपल्या भावाला घेऊन बाहेर पडायचं असतं. वाटेत लोक प्रश्न विचारतात, पडद्यावर दोन उत्तरं येतात, खाली एक रेघ आखडत जाते. रेघ संपायच्या आत एक उत्तर दाबायचं. माझ्या बहिणीने खरं सांगून पाहिलं, खोटं बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, पाया पडून पाहिलं. भाऊ दर वेळी नदीतच जायचा.

"अगं, ही शुद्ध फसवणूक आहे," मी चिडून म्हणाले. "लिहिणाऱ्याने आधीच ठरवलंय आणि तुला नुसती बटणं दिलीत. बस दाबत!"

"असं नाही अक्का. शेवट तोच येतो, पण शेवटापर्यंत आपल्याबरोबर कोण राहतं, ते बदलतं."

असलं ती कधी बोलायची नाही. मी तिच्याकडे पाहत राहिले, पण तिने पडद्यावरून नजर काढली नाही.

एका दुपारी ती ओरडलीच, "अक्का, ये ना, बघ!" तिने काहीच दाबलं नव्हतं. रेघ संपू दिली होती. गेममधली मुलगी मान खाली घालून उभी राहिली, आणि आतापर्यंत नुसताच बसलेला म्हातारा नावाडी उठला. "नको सांगू. समजलं मला. चल," म्हणाला. भाऊ वाचला. बहीण हसली, लहानपणी हसायची तशी. मला इतकं बरं वाटलं, की मीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला न्यायला माणसं आली. तिचा थोरला दीर, आणि सोयरीक जुळवणारे नाना. नवरा आला नव्हता. सतरंजी टाकली, पाणी दिलं. स्वयंपाकघरात बहिणीने माझा हात घट्ट धरला.

"मला नाही जायचं, अक्का."

"मग बाहेर जाऊन तसं सांग."

"नाही म्हटलं तर 'का?' विचारतील. का ते सांगितलं तर विचारतील, 'तू काय केलं होतंस?' माझ्या प्रत्येक उत्तरावर त्यांचा प्रश्न तयार आहे."

नुसतं तोंड दाबून बुक्क्यांचा मार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात आबांनी, आमच्या वडिलांनी, बाहेरून हाक मारली.

दीर फार सभ्यपणे बोलला. "आम्ही जबरदस्ती करणारी माणसं नाही. तिलाच विचारा. ती म्हणेल तसं."

आबा तिच्याकडे वळले. आवाज मऊ होता. "बोल बेटा. तुनं काय म्हणणं शे? जाशी ना?"

बहीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने मान खाली घातली आणि ती गप्प राहिली. मला एका क्षणात कळलं ती काय करतेय. ती वाट बघत होती, त्या बसलेल्या माणसांतून कुणीतरी उठेल म्हणून. आबांनी खाकरून घसा साफ केला. दीर पंख्याकडे बघत होता. कुणी उठलं नाही.

नानांनी मांडीवर थाप मारली. "चूप ऱ्हायनी म्हणजे होच शे! पोरीची जात, तोंडाने थोडीच सांगणार? चहा टाका."

सगळे हसले. आबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांना खरंच वाटलं, पोरगी लाजली. आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हाही असंच असतं, गप्प राहिली की पसंत.

"ती हो म्हणालेली नाही," मी दारातूनच ओरडले. "बाही वर करून बघा तिची!"

"तू तुझं घर मोडलं, आता तिचं नको मोडू," नाना म्हणाले. आबांनी आत वळून पुन्हा चहा सांगितला. आईने डोळे पुसत ओटी भरली. बहीण गाडीत बसली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग मी रोज फोन करायला लागले. "कशी आहेस?" "बरी आहे." आवाज घुमायचा, म्हणजे फोन स्पीकरवर. एकदा तिच्या उत्तराआधी पलीकडे कुणीतरी हलकेच "हं" केलेलं ऐकू आलं, आणि मग "बरी आहे." मी आबांना सांगितलं. "बरी आहे म्हणते ना?" आबा म्हणाले.

एका सकाळी मी विचारलं, "मी येऊ का?" त्यावर "बरी आहे" आलं नाही. काहीच आलं नाही. फोन चालू होता, तिचा श्वास ऐकू येत होता. मग तो कट झाला. मी क्लासच्या दाराला कुलूप लावलं आणि जळगावची बस धरली, तिथून जामनेरची. वाटेत फोन लावत राहिले. बंद.

भर दुपारी तिच्या दारात पोचले. फाटक नवऱ्याने उघडलं. "या अक्का, न कळवता आलात!" मागे सासू. त्यांच्या मागे बहीण, अंगात तोच लांब बाह्यांचा ब्लाऊज, एका डोळ्याखाली पावडरचा जाड थर.

"हिला न्यायला आले," मी म्हणाले.

नवरा हसला. "आम्ही कुठे अडवतोय? तिलाच विचारा." तो तिच्याकडे वळला. "काय गं, जायचंय तुला?"

तिने मान खाली घातली. सासू बघत होती, शेजारच्या ओट्यावरच्या बायका बघत होत्या. बहीण गप्प राहिली. त्याचं हसू रुंदावत गेलं.

"चूप राहिली म्हणजे होच असतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "तुमच्या भावासमोर ठरलंय, विचारा त्यांना." आणि मी पुढे होऊन तिचा हात धरला.

तिने तो सोडवला नाही. चप्पलसुद्धा न घालता तापलेल्या रस्त्यावर ती माझ्याबरोबर चालायला लागली. मागून कुणी हाक मारली नाही. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मी कान देऊन होते, पण फाटक लावल्याचा आवाज आला नाही; तो अजून तिथेच उभा राहून बघत असणार.