सासऱ्यांचा मोती आणि माझं यकृत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही. पण तुम्हाला सांगतो — पोटात आणखी काय काय ठेवायचं?

सोलापुरातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. सोनोग्राफीत यकृतात मोसंबीएवढी गाठ निघाली. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतून येणाऱ्या जंताची. दुर्बिणीतून काढू, डॉक्टर म्हणाले, पोटाला फक्त चार बारीक भोकं. मग त्यांनी विचारलं, "घरी कुत्रं वगैरे?"

शेजारी सुनंदा, माझी बायको. कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारी. काय सांगणार? की शाळेमागं मटणाच्या दुकानापाशी एक तांबडी कुत्री असते, की सात-आठ वर्षं मी तिच्यासोबत डबा खातोय — एक घास तिला, एक मला — आणि मधे हात धुवायचे असतात, हे फक्त सहावीच्या पोरांना सांगतोय?

"सासुरवाडीला आहे की," मी म्हणालो.

सुनंदानं दवाखान्याच्या जिन्यातूनच होटगीला वडिलांना फोन लावला. सासरे रेल्वेतून निवृत्त, एकटे. मोती एवढीच सोबत. त्यांनी त्याच दिवशी त्याला भाच्याच्या लांबच्या शेतावर पोचवलं.

ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी मी घरी. सासरे पपई घेऊन आले. माझ्या पोटावरच्या चार पट्ट्या बघून त्यांनी हात जोडले. "जावईबापू, माझ्या कुत्र्यापायी तुमच्या पोटाला भोकं पडली की. पर मोती दूध-भाकरीवर वाढलेला. मटनाचा तुकडा बी ठावा न्हाय त्याला. मग असं कसं झालं?"

विज्ञानाचा मास्तर ना मी?

"होतं कधीकधी," म्हणालो. आणि पपई खाल्ली. लई गोड होती.

मोती दोनदा चालत होटगीला परत आला. दोन्ही वेळा सासऱ्यांनी स्वतः त्याला रिक्षात घालून शेतावर नेलं — जावयाच्या जिवाला धोका नको. तिसऱ्यांदा तो शेतावरून निघाला, पण घरी पोचलाच नाही.

गेल्या महिन्यात तपासणी झाली. यकृत स्वच्छ. सुनंदानं वडिलांना फोन करून सांगितलं, स्पीकरवर.

"बरं झालं बाई," ते म्हणाले. "मोतीला धाडलं, त्येचं चीज झालं."

मी तिथंच बसलो होतो. ऐकलं.