आठव्या दिवसाचे डॉक्टर

शिकवण्याचा इतका नाद असलेला माणूस अख्ख्या कर्जत-खालापुरात दुसरा झाला नसेल, आणि शिकण्याचा नाद असलेला तर नाहीच. मुंबईच्या मेडिकल कॉलेजात साथीचे रोग शिकवणारे आमचे हे डॉक्टर भिसेगावात राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी, विश्रांती म्हणून, आम्हाला शिकवायचे. पंगतीत बसले की आधी यजमानाची तोंडी परीक्षा: पाणी कुठल्या विहिरीचं, वाढप्यानं हात कधी धुतले. कुंभिवलीच्या एका लग्नात नवऱ्या मुलाला जुलाब होताहेत असं कळलं, तेव्हा हातात अक्षता तशाच धरून त्यांनी मुलीच्या बापाला व्याख्यान दिलं. मुहूर्त टळला. "मुहूर्त काय, दुसरा निघेल," म्हणाले आणि पुढे बोलू लागले.

तापाचा माणूस दिसला की जावई घरी आल्यासारखे खूश व्हायचे. औषध देत, पण आधी खिशातली संशोधनाची वही निघे. त्या वहीचा मला भयंकर राग. मी पोशीरच्या शाळेत मास्तर. माझी पहिली दोन्ही मुलं जन्मल्यावर आठव्या दिवशी धनुर्वातानं गेली. दुसऱ्याच्या वेळी डॉक्टर आले आणि नाळ कशानं कापली, वर काय लावलं, हेच विचारत बसले. मी वही हिसकावून अंगणात भिरकावली. त्यांनी ती उचलली, माती झटकली. "मास्तर, रागवा. पण सांगा," एवढंच म्हणाले. मी सांगितलं.

बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा त्यांनी तिला धनुर्वाताची इंजेक्शनं दिली आणि मोर्चा माझ्या काकीकडे वळवला. काकी गावची सुईण, निम्मं पोशीर तिच्या हातचं. मला वाटलं, आता घरात महाभारत. पण डॉक्टर तिच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसले. "काकी, मी तुमचा विद्यार्थी. पहिल्यापासून शिकवा." काकीनं विळ्यानं नाळ कापणं, वर शेणीची राख दाबणं, सगळं करून दाखवलं. दोन रविवार शाळा चालली. तिसऱ्या रविवारी तिनंच विचारलं, "माजं काय चुकतंय, डागदर? ती दोन पोरं माज्याच हातची गेली."

"हात नाही चुकले. राख चुकली," डॉक्टर हळूच म्हणाले. "विळा तुमचाच, पण चांगला उकळून घ्या. आणि वर काहीच लावू नका."

"कायच नाय? लोक म्हनतील, म्हातारीनं काय केलंच नाय."

मुलगी झाली. काकीनं विळा उकळून घेतला आणि नाळेवर काहीच लावलं नाही. आठव्या दिवशी डॉक्टर कॉलेज बुडवून सकाळीच ओटीवर येऊन बसले. थोड्या थोड्या वेळानं एकच प्रश्न, "प्यायली का?" धनुर्वात झालेलं मूल दूध ओढत नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. दिवेलागणीला आतून काकीचा आवाज आला, "पितेय रं, मास्तर. चांगली वढतेय." डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

पुढे ते दर वर्षी कॉलेजची मुलं घेऊन यायचे आणि काकीसमोर रांगेत बसवायचे. "या तुमच्या बाई," म्हणायचे. काकी त्या मुलांना बिनदिक्कत रागवायची.

आजार बरा केला तर डॉक्टरांचे आभार मानता येतात. जो आलाच नाही त्याचे कसे मानायचे, ते त्या आठव्या दिवशी संध्याकाळी मला सुचलं नाही. मी नुसता चहा विचारला. त्यांनी तो घेतला, चांगला झालाय म्हणाले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. आता डॉक्टर नाहीत. मुलीचं पहिलं बाळ काल नऊ दिवसांचं झालं, आणि ते सांगायला भिसेगावात कुणी नाही.