शांतम्माकडे ठेवायला दिलेलं कुत्रं

कुत्रं ठेवायला कुणी आलं की शांतम्मा आधी कुत्र्याकडे बघत नाही, बरोबरच्या पिशवीकडे बघते. तिचा अनुभव असा, की ज्यांना परत यायचंय ती माणसं अर्धं सामान घरी विसरतात. पट्टा आणतात, वाटी विसरतात. गोळ्या आणतात, त्या कधी द्यायच्या ते सांगायचं विसरतात, मग वाटेतून फोन करतात. ज्यांना परत यायचं नसतं, त्यांची पिशवी मात्र बघण्यासारखी असते. वाटी, गादी, चघळायचं हाड, इंजेक्शनांची वही, निम्मी संपलेली शाम्पूची बाटली आणि थंडीतला स्वेटर. मे महिन्यात सोलापुरात आठ दिवस कुत्रं ठेवायचं तर स्वेटर कशाला लागतो, हे विचारायची पहिल्या वेळी तिला हिंमत झाली नव्हती. ते कुत्रं अजून तिच्याकडेच आहे आणि स्वेटरही.

शांतम्माचं घर पूर्व भागात. घरामागे लांबलचक शेड आहे. एकेकाळी तिथे सहा पॉवरलूम धडधडायचे, टॉवेल निघायचे. नवरा नरसय्या गेला, पाठोपाठ लॉकडाऊन आलं, माग भंगारात गेले. आवाज बंद झाला आणि शांतम्माची झोपच उडाली. तीस वर्षं त्या धडधडीत झोपलेली बाई, तिला शांतता सोसेना. त्याच सुमाराला गल्लीतले एक मास्तर तिरुपतीला निघाले आणि ‘अम्मा, चार दिवस बघा की ह्याला’ म्हणून आपलं पांढरं पॉमेरियन ठेवून गेले. पाचव्या दिवशी मास्तर लाडू घेऊन हजर झाले. कुत्रं धडधाकट, उलट जरा सुटलेलंच. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि बघता बघता शेड पुन्हा आवाजानं भरली. शांतम्मा विड्या वळता वळता कुत्री सांभाळू लागली, आणि तिला झोपही लागू लागली.

झोप पुन्हा उडाली ती पुढे, माणसं न्यायला येईनाशी झाली तेव्हा. दुकानात असतं तेव्हा पिल्लू तळहातावर मावतं. पोराच्या वाढदिवसाला केक आणायला गेलेला बाप शेजारच्या दुकानात डोकावतो आणि केकबरोबर पिल्लू घेऊन घरी येतो. घरभर कौतुक, फोटोंवर फोटो. आठ महिन्यांनी तेच पिल्लू दिवाण अडवून झोपायला लागलं की त्या शहाण्याला कळतं, आपण कुत्रं आणलं होतं.

न नेलेली सहा कुत्री आज शेडमध्ये आहेत. त्यातलं एक चक्क बर्फातलं आहे, निळ्या डोळ्यांचं, अंगावर बोटभर लोकर. त्याला सोलापुरात आणणाऱ्या माणसाला एप्रिलच्या दुपारी घोंगडं पांघरून पत्र्यावर बसवावं, असं शांतम्माचं मत आहे. नळाला पाणी येतं चार दिवसांनी, कधी पाचव्या. तीन पिंपं भरून ठेवली तरी तिसऱ्या दिवशी तळ दिसतो. समोरची शिवम्मा नळाच्या दिवशी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणते, “माणसाला प्यायला पानी न्हाय, आन् हिथं कुत्र्यांच्या आंघोळी!” आंघोळ कोण घालतंय? पण शांतम्मा उलट बोलत नाही. सातवं आलं तर निभवायचं कसं? म्हणून आताशा ती पिशवी बघते आणि भरलेली दिसली की सरळ हात जोडते. हात जोडून परत पाठवलेली कुत्री पुढे कुठे जात असतील, हे मनात आणायचं नाही असं तिनं ठरवलं आहे. ते रोज मनात येतं.

चॉकलेटबरोबर मात्र पिशवीच नव्हती. अजिंक्य म्हणून एक तिशीतला माणूस, त्याची बायको रुपाली, सात वर्षांची पिंकी, आणि दीड वर्षाचा तपकिरी लॅब्राडोर. नाव पिंकीनं ठेवलेलं. मंडळी मनालीला निघाली होती आणि गाडी गाठायची घाई होती. पट्टा तेवढा गळ्यात होता. वाटी नाही, गादी नाही. रुपालीनं फाटकातूनच सांगितलं, “काकू, त्याला दहीभात फार आवडतो.” पिंकी कुत्र्याच्या गळ्यात पडून त्याच्या कानात काहीतरी बोलली. अजिंक्यनं वहीत पत्ता आणि फोन लिहिला, पुढच्या रविवारी येतो म्हणाला, आणि मंडळी गेली. शांतम्मा निर्धास्त झाली. इतकं विसरणारी माणसं! ही तर रविवारच्या आधीच येतील.

“चाकलेट,” तिनं त्याला सांगून टाकलं, “रविवारी तुला घरला जायचंय. तवर दंगा करू नगंस.”

रविवारी दुपारपासून तो फाटकाच्या फटीला नाक लावून बसला. त्याला वार कसा कळला कोण जाणे. कुणी आलं नाही. प्रवासानं थकली असतील, शांतम्मा म्हणाली. सोमवारी तिनं फोन केला, तो वाजून वाजून थांबला. मंगळवारी फोन बंद. रुपालीचा नंबर तिनं घेतलाच नव्हता. चॉकलेटनं त्या दिवशी दहीभात हुंगला आणि तोंड फिरवलं.

बुधवारी टीव्हीवर बातमी लागली. कुठल्याशा डोंगराळ भागात पर्यटकांची गाडी दरीत गेली होती. कुठली गाडी, कुठली माणसं, हे ऐकू यायच्या आत साबणाची जाहिरात सुरू झाली. शांतम्माच्या मांडीवरचं सूप कलंडलं, विडीची तंबाखू फरशीभर झाली. वाटी विसरलेली, गादी विसरलेली माणसं. अशी माणसं परत येतात, आजवर आलेली आहेत. ही आली नाहीत म्हणजे तिचा हिशेब एकाच बाजूला जात होता. पिंकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. गुरुवारी ती मार्कंडेयाच्या देवळात गेली आणि तिघं सुखरूप असू देत म्हणून नारळ बोलून आली. पोरीच्या नावानं वेगळा एक.

इकडे चॉकलेट पाण्याशिवाय काही घेईना. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सलाईन लावलं. म्हणाले, “अम्मा, आजार काही नाही. पण असाच राहिला तर आठवडाही काढायचा नाही. ह्याची माणसं बोलवा.” माणसं असतील तर बोलवणार ना! शुक्रवारी रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. एका बाजूला तीन माणसांचा घोर, दुसऱ्या बाजूला फाटकापाशी पडलेलं कुत्रं, ज्याच्या फासळ्या आता मोजता येत होत्या.

शनिवारी सकाळी तिनं गल्लीतल्या मौलाला रिक्षा काढायला लावली.

“अम्मा, इत्ता टेन्शन कायकू?” मौला चॉकलेटला उचलून आत ठेवत म्हणाला. “फोन बिघडला आसंल.”

“सा दिवस बिघडतोय व्हय फोन?”

मौलानं रिक्षा सुरू केली. बातमी त्यानंही पाहिली होती.

जुळे सोलापूरपर्यंतच्या वाटेत चॉकलेटचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तिच्या डोक्यात नाही नाही ते. दाराला कुलूप असलं तर शेजाऱ्यांना काय विचारायचं? कुलूप नसलं, आत पाहुणे जमलेले असले, तर त्या दुःखात कुत्र्याचा विषय कसा काढायचा? आणि एकटी पोरच वाचली असली तर? तर हे कुत्रं तिला दिलंच पाहिजे, असं तिनं ठरवून टाकलं. ठरवलं आणि पदरानं डोळे पुसले.

अपार्टमेंटच्या फाटकाशी रिक्षा वळली तसा चॉकलेट ताडकन उठला. पाच दिवस उपाशी असलेलं जनावर, पण त्यानं असा हिसका दिला की पट्टा शांतम्माच्या हातातून निसटला नाही हेच नशीब. दोन जिने त्यानं तिला अक्षरशः ओढत नेलं. दारापाशी तो शेपटीनं भिंत बडवायला लागला. आतून बारीक, किनरं भुंकणं ऐकू आलं. शांतम्माला वाटलं, टीव्ही लागलाय.

दार पिंकीनं उघडलं.

“जित्ती हायस ग बाई तू!” शांतम्माच्या तोंडून गेलं आणि तिनं पोरीचे गाल दोन्ही हातांनी धरले. “आई कुटाय तुझी? बाबा? समदी बरी हायती न्हवं?”

“बाबा ऑफिसला गेलेत,” पिंकी म्हणाली. “आई पोहे करतीय.”

एवढा आनंद शांतम्माला कित्येक दिवसांत झाला नव्हता. मग तिची नजर खाली आली. पिंकीच्या कुशीत पांढरं-करडं पिल्लू होतं, दीड महिन्याचं असेल, गळ्यात गुलाबी फीत.

रुपाली ओल्या हातांनी बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. चॉकलेट तिच्या पायांत घुसला, पिंकीला चाटून आला, पुन्हा तिच्याकडे गेला. त्याला दोघींपैकी कुणाकडे जावं ते कळेना.

“काकू, आम्ही येणारच होतो...”

“फोन?”

“ह्यांनी नंबर बदलला. म्हणजे...” तिनं पदर सारखा केला, पंखा लावला, बसा म्हणाली. मग एकदम सगळं बाहेर पडलं. चॉकलेट फार वाढला. सोफा फाडला. सासूबाईंच्या अंगावर उडी मारली, त्यांचा हात मोडला. सोसायटीवाले रोज भांडतात. द्यायचं ठरवलं तर कुणी घेत नाही, चार ठिकाणी विचारलं. “खरंच सांगते, तुमच्याकडून आणायचाच नाही असं जाताना ठरलं नव्हतं. पण परत आलो आणि घरात तो नव्हता... किती शांत वाटलं, काकू.”

“आन् हे?”

“पिंकी रडून रडून तापली. कुत्रं पाहिजे म्हणून. हे दुकानात गेले आणि घेऊन आले. हा मोठा होत नाही. दुकानदार म्हणाला, आहे एवढाच राहतो, पर्समध्ये मावतो.”

“मी तुमच्यापायी नारळ बोलले,” शांतम्मा म्हणाली. तिचा आवाज चढला, खाली जिन्यात उभ्या मौलालाही ऐकू गेला. “दरीत गेलासा समजून चार दिवस रडले मी! हे कुत्रं हिकडं मराय टेकलं. आन् तुमी हिथं पोहे खातायसा!”

रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, आणि त्याचा काही उपयोगही नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यातून खडखड ऐकू आली. बुटांच्या रॅकशेजारी पिल्लाची गादी होती आणि पुढे बशीएवढी वाटी. चॉकलेट त्या वाटीतलं खात होता. दोन घासांत ती संपली, तरी तो रिकामी वाटी फरशीवर ढकलत चाटत राहिला. पाच दिवसांत त्यानं पहिल्यांदा काही खाल्लं होतं. मग तो त्या चिमुकल्या गादीवर गोल फिरला आणि बसला. पुढचे पाय आणि छाती तेवढी गादीवर मावली, बाकीचा तो फरशीवर.

पिंकी त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कुशीतलं पिल्लू कुंई करून वळवळलं तशी ती लगेच त्याला घेऊन उठली.

“आण बघू हिकडं,” शांतम्मा म्हणाली.

तिनं पिल्लाला मांडीवर घेतलं, पुढचा पंजा बोटांत धरला आणि दाबून पाहिला. पंजा जाडजूड होता, पिल्लाच्या तोंडाएवढा रुंद. मागचा पाहिला, तोही तसाच. इतक्या वर्षांत एवढी कुत्री हातांखालून गेल्यावर तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दुकानदारानं पर्समध्ये मावणारं म्हणून जे गळ्यात मारलं होतं, ते दिवाळीपर्यंत चॉकलेटपेक्षा थोराड होणार होतं.

तिचा राग तिथेच विरला. तिला भीती वाटली. हे पिल्लू तिच्या हातात होतं, गरम, दूध प्यालेलं, पोट टम्म. आणि दिवाळीनंतर ते कुठे असेल हे तिला आत्ताच दिसत होतं. पुण्याच्या रस्त्यावर टोलनाक्यापुढे, नाहीतर उजनीकाठी कुणा मामाच्या उसात.

“ताई,” ती हळू म्हणाली, “चाकलेटला मी नेते. त्याचं ऱ्हाऊ द्या. पर हे मोटं हुनार. लई मोटं. तवा ह्याला रस्त्याला सोडू नगा. शेतावर बितावर बी न्हाय, तितं कोन बघत न्हाय. माज्याकडंच आना. बोलायचं जड वाटलं तर बोलू नगा, फाटकाला बांधून जावा, मी काय म्हननार न्हाय.”

रुपालीनं पिल्लाकडे पाहिलं, मग चॉकलेटच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे. ‘छे हो काकू, असं कसं होईल’ असं ती म्हणेल म्हणून शांतम्मा थांबली.

“तेव्हा जागा असेल ना तुमच्याकडे?” रुपालीनं विचारलं.

शेडमध्ये सहा होती, चॉकलेट धरून सात.

“हाय,” शांतम्मा म्हणाली.