सल्माची अरबी चित्रपुस्तकं

बैरूतमध्ये सल्मा नावाच्या चित्रकर्तीकडे गेले, तेव्हा ती खिडकीपाशी बसून सुईदोऱ्याने पुस्तक शिवत होती. स्वतःच्या आणि तिथल्या इतर चित्रकारांच्या चित्रांवरची अरबी पुस्तकं ती स्वतःच छापते. मी सवयीने एक पुस्तक डावीकडून उघडलं, तर शेवटचं पान निघालं. अरबी पुस्तक उजवीकडून सुरू होतं; तिने हसत ते माझ्या हातात फिरवून दिलं.

"इंग्रजीत काढलंस तर जगभर जाईल," मी म्हटलं.

"जाईल की. पण मग माझ्या चित्रांबद्दल माझी आई कुठे वाचणार?" असं म्हणत तिने दोरा घट्ट ओढला.

चित्रांवर मी कायम इंग्रजीतच लिहीत आले होते. मराठीत शब्द अपुरे पडतील, अशी भीती वाटायची. परतल्यावर पहिला लेख मराठीत लिहिला. शब्द पुरून उरले.