डिकीतली नळी

"काट्याचं नका ऐकू शेठ, टाकीचं ऐका," असं म्हणत मामा गाडीच्या मागे उकिडवे बसायचे, बोटाच्या पेराने डिझेलच्या टाकीवर टकटक करायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग उठून सांगायचे, "बीडला जाऊन येऊ. त्याच्या पुढं चकलांब्याचं नाव काढलं तर न्हाई." समोरचा काटा तेव्हा अर्धी टाकी दाखवत असायचा.

मामा माझे ड्रायव्हर. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. चोरीच्या गोष्टीशेजारी ते मी एकदा ठेवलं, पुन्हा नको.

केजमध्ये माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. खेडोपाडी फिरायला मी एक जुनी, उंच डिझेल गाडी घेतली होती. अशा गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील. रंग उडालेला, पण लग्नाच्या मांडवासमोर उभी राहिली की मालकाची मान ताठ होते. आतून ती आजारी होती. सकाळी सुरू व्हायची नाही. मामा बॉनेट उघडून हातपंप दाबत राहायचे आणि तिला समजवायचे, "उठा बाईसाहेब, शेठ आलेत. झोप पुरे." चढावर दम लागल्यासारखी बंद पडायची. आणि भरलेली टाकी बघता बघता रिकामी व्हायची.

वर्कशॉपमध्ये मी किती वेळा भांडलो असेन. दर वेळी नवा फिल्टर मिळे आणि तेच उत्तर, "गाडी जुनी झाली शेठ, ॲव्हरेज पडणारच." मामांचं मत, पंप गेला. त्यांनी हट्टच धरला म्हणून पंप बदलला. काही फरक पडला नाही. मामा वरमले. "चुकलं माजं. आता टाकीच एकदा खाली उतरवून बघू."

पेरणी तोंडावर आली होती. "गाडी उभी ठेवून मी काय डोक्यावर पोती वाहू का?" मी म्हणालो.

त्याच दिवशी वर्कशॉपमधला एकजण माझ्या कानाशी लागला. "पंप नवा, फिल्टर नवा, खाली थेंबभर डाग न्हाई. मग ऱ्हायलं कोण शेठ? ड्रायव्हरकडं बघा जरा."

ते वाक्य डोक्यात बसलं. मामांच्या कपड्यांना येणारा डिझेलचा वास मला वेगळा वाटू लागला. त्यांची टकटक ऐकली की वाटायचं, किती उरलंय याचा अंदाज घेतायत.

आणि मग डिकीत, स्टेपनीच्या खाली, प्लास्टिकची नळी सापडली, टाकीतून डिझेल ओढून काढतात तसली. जीपस्टँडवरच्या चहाच्या टपरीसमोर सगळे ड्रायव्हर बसले होते. त्यांच्यादेखत मी ती उंच धरली.

"ही कशाला लागते रे तुला?" इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"हवा काढायला, शेठ. पाइपात हवा धरते की."

"कुणाची हवा?" बाकावरून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

मामा भांडले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली, तिचं नीट वेटोळं केलं आणि परत डिकीत ठेवलं. "गाडीची हाय. लागंल तुमाला," म्हणाले. मग किल्ली माझ्या हातात दिली आणि चालू लागले.

स्टँडवर त्यांचं नाव 'नळी' पडलं. काम विचारायला आले की एखादा पोरसवदा ड्रायव्हर हटकायचा, "नळी आणली का बे?" मालक ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण किल्ली कोणी दिली नाही. शेवटी मामा लिंबागणेशला लेकीकडे राहायला गेले.

डिझेल जातच राहिलं. नव्या ड्रायव्हरवरही संशय घ्यायची वेळ आली, तेव्हा कुठे मी टाकी उतरवायला सांगितली. इंजिनातलं जादा डिझेल टाकीत परत आणणारा रबरी पाइप टाकीच्या वरच्या अंगाला, हात पोचत नाही अशा जागी चिरला होता. गाडी चालू असली की रस्त्यावर गळत जायचं, उभी केली की थांबायचं. टाकीवरचा धुळीचा थर डिझेल पिऊन काळा पडला होता.

मी लिंबागणेशला गेलो. मामा अंगणात बसून शेवग्याच्या शेंगांच्या जुड्या बांधत होते. मी सगळं सांगितलं आणि पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे ओढले.

"मला कावून सांगता, शेठ? मी चोरलं न्हाई, हे मला ठावंच व्हतं." सुतळीची गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "चोर म्हणालात चारचौघांत, अन् माफी लेकीच्या अंगणात. स्टँडवर सांगा."

"सांगतो, मामा."

त्यांनी चहा पाजला. निघताना सवयीने गाडीच्या मागे आले, पण वाकले नाहीत. हात धोतराला पुसला आणि आत गेले.

केजला परतताना स्टँड लागलं. मी गाडी थांबवली नाही. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच म्हटलं. माझी खरी भीती सांगतो. त्या बाकावरचे आता मला हसतील, एवढीच ती भीती होती. असं करता करता लेकीचं बिऱ्हाड पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेलं आणि मामाही सोबत गेले. शेजाऱ्यांना पत्ता सांगता आला नाही.

तेव्हा मात्र मी स्टँडवर उभा राहिलो. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते मामाच तिथे नव्हते, म्हणून सोपं गेलं असावं. पाइप, चीर, धूळ, माझा संशय, सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. "लई वाईट झालं," एकजण म्हणाला. नव्याने आलेल्या एका ड्रायव्हरने त्यांचं खरं नाव विचारलं. मी सांगितलं. मग पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.

टपरीवाला रिकामे कप गोळा करत होता. त्याने मान हलवली आणि अगदी मनापासून हळहळत विचारलं, "मग आता कुठं असतो नळी?"